रविवारच्या दोन पंगती

कायद्याचं पुढे काय झालं, ते मला विचारू नका. विधेयक समितीतून निघालं, एका सभागृहात पास झालं आणि आता दुसऱ्या सभागृहात कुणाच्या तरी खणात झोपलंय. गावातला जो भेटेल तो मलाच विचारतो, जसं काही ते मीच पर्समध्ये घालून फिरतेय. मी शाळेची बस चालवते. बसभर पोरांना एका आवाजात गप्प करणं मला जमतं, सिनेटरांना हलवणं जमत नाही. मी सांगणार ती फक्त त्या एका मंगळवारची हकीकत, आणि मी सांगत असताना कुणी मध्ये बोललेलं मला चालत नाही.

आमची आई ओझेला टॉलिव्हर. तिची थोरली मी, विनेटा, आणि माझ्या पाठचे दोन भाऊ, रॉस्को आणि डेलमार. दोघंही तुरुंगात जाऊन आलेत, हे आधीच सांगून टाकते, म्हणजे नंतर भुवया उंचावायला नकोत. रॉस्कोनं बंद पडलेल्या गिरणीतली तांब्याची तार काढून विकली. डेलमारनं एका मित्राला गाडीनं सोडलं आणि त्याच्या पिशवीत काय आहे ते विचारलं नाही. विचारायला हवं होतं. दोघंही मूर्ख आहेत, पण माझे आहेत.

आता सरकारची अक्कल बघा. आत असताना या दोघांना एकाच तुरुंगात, एकाच खोलीत ठेवलं होतं. एकावर एक पलंग. रॉस्को वर, कारण डेलमार झोपेत गडगडत खाली पडतो. रात्रंदिवस एकमेकांचं तोंड बघून दोघं कंटाळले होते. मग आधी थोरला सुटला, मागून धाकटा, दोघंही पॅरोलवर, म्हणजे उरलेली शिक्षा घरी राहून, अटी पाळून काढायची. त्यातली एक अट अशी, की शिक्षा झालेल्या कुठल्याही माणसाशी संबंध ठेवायचा नाही. भेटायचं नाही, बोलायचं नाही, एका छपराखाली बसायचं नाही. सख्खा भाऊ असला तरी नाही. अट मोडली की परत आत. म्हणजे भाऊ भावाशी बोलला म्हणून त्याला उचलायचं आणि नेऊन ठेवायचं कुठे, तर भावाच्याच शेजारी.

हे मी पॅरोल अधिकारी हॅस्किन्स साहेबांना तोंडावर ऐकवलं होतं. दोघा भावांची फाइल त्यांच्याकडेच.

"विनेटाबाई," ते म्हणाले, "नियम मी नाही केला. सूट द्यायची तर ती वरच्या मंडळानं द्यायची, आणि मंडळ विचार करतंय."

"किती विचार करतंय? एवढ्या वेळात माणूस डॉक्टर होतो."

त्यावर त्यांनी मान खाली घातली आणि पेन शोधायला लागले. माणूस वाईट नाही. नियमाचा आहे, आणि त्याचा जाच वाईटपणापेक्षा जास्त होतो.

तर आमच्या घरी रविवारी दोन पंगती बसायच्या. चर्चमधून आलं की पहिली पंगत रॉस्कोची. तळलेला मासा, शिजवलेली पालेभाजी, मक्याचा पाव आणि वर गोड म्हणून पीचचा कॉब्लर. त्याचं जेवण झालं की तो मागच्या दारानं, पिकॅनच्या झाडाखालून गल्लीत जायचा. तो पार दिसेनासा झाला की मी ओट्यावर जाऊन बशी वाजवायची, आणि कोपऱ्यावर उभा असलेला डेलमार पुढच्या दारानं यायचा. तेच जेवण, तीच खुर्ची. आई दोन्ही पंगतींना बसायची आणि दोन्ही वेळा थोडं थोडं खायची, म्हणजे कुणाला आपण मागून आलो असं वाटू नये.

निरोप्या मी.

"ताई, त्याला सांग, मक्याच्या पावाचा कडेचा तुकडा माझा असतो," रॉस्को म्हणायचा.

तासाभरानं डेलमार म्हणायचा, "त्याला सांग, तो तुकडा काय त्याच्या बापाचा आहे?"

"बाप एकच आहे रे तुमचा, गाढवांनो," मी म्हणायची, आणि पुढच्या रविवारी हेही पोचतं करायची.

आणि तो खेळ. आमच्याकडे डॉमिनोशिवाय रविवार होत नाही. टेबलावर ठिपक्यांच्या सोंगट्या आपटल्याचा आवाज आला नाही तर शेजारचे विचारायला येतात, कोण गेलं म्हणून. या दोघांनी त्यावर तोड काढली. डाव टेबलाच्या टोकाला मांडलेलाच राहायचा. पहिल्या पंगतीला रॉस्को एक सोंगटी लावायचा, दुसऱ्या पंगतीला डेलमार एक. पुढची चाल पुढच्या रविवारी. हातातल्या सोंगट्या दोघांच्या दोन ढिगांत, वर आईचे भांडी पुसायचे टॉवेल, निळा थोरल्याचा, पिवळा धाकट्याचा. एक डाव पानगळीला सुरू झाला की वसंतात कुठे संपायचा. आणि प्रत्येक डावात दोघंही शपथेवर सांगायचे, की दुसऱ्यानं आपला टॉवेल उचलून बघितलं. आईनं सोंगट्यांवर पहारा ठेवला असता, पण तिचे डोळे.

तेच तर सांगायचंय. आईच्या डोळ्यांत मधोमध डाग पडलाय, दोन्ही डोळ्यांत. समोर बघितलं की नेमकं समोरचंच दिसत नाही, कडेकडेचं तेवढं दिसतं. म्हणून ज्याच्याकडे तिला नीट बघायचं असतं, त्याच्यापासून ती तोंड फिरवते आणि डोळ्याच्या कोपऱ्यातून बघते. नव्या माणसाला वाटतं, म्हातारी आपल्यावर रुसलीय. डॉक्टर म्हणाले, कडाही जाणार, वर्षभर टिकल्या तर नशीब.

आई भाजी निवडत होती तेव्हा मला म्हणाली, "विनेटा, दोघांना एकदा शेजारी शेजारी बसलेलं बघायचंय गं. मग गेले डोळे तर गेले."

मी भाजीची देठं गोळा केली. कचरा टाकायच्या निमित्तानं बाहेर गेले, दारात उभ्या असलेल्या शाळेच्या बसमध्ये जाऊन बसले आणि पोटभर रडले. मग तोंड धुतलं आणि कैद्यांच्या हक्कांसाठी झटणाऱ्या एका संस्थेला फोन लावला.

ती संस्था या विधेयकाच्या मागे होती. त्यात बरंच काही होतं. जामिनाला पैसे नाहीत म्हणून खटल्याआधीच माणसाला कोठडीत सडवायचं नाही, भेटीची वेळ एकदा चुकली म्हणून पॅरोल मोडायचा नाही, आणि शेवटी शेवटी एक कलम, की घरच्या माणसांना ही संबंध न ठेवण्याची अट लागू नाही. तेवढं एक कलम मला तोंडपाठ होतं. संस्थेतली मंडळी भली. त्यांनी पॅरोलवरच्या लोकांना समितीसमोर साक्षीसाठी राजधानीला न्यायचं ठरवलं आणि सगळ्यांसाठी एक मोठी बस सांगितली. कुणाच्या डोक्यात आलं नाही, की एवढ्या शिक्षा झालेल्यांना एका बसमध्ये बसवलं तर फाटकातून बाहेर पडायच्या आधीच सगळी बस अट मोडते. हॅस्किन्स साहेबांनी ते ऐकलं आणि कपाळाला हात लावला. शेवटी प्रत्येकाला वेगळी गाडी, वेगळी परवानगी. आमच्यातला रॉस्को सभेच्या दालनात बसणार, आणि डेलमार तळघरातल्या खोलीत, जिथे जागा न मिळालेल्यांसाठी टीव्ही लावतात. रॉस्कोची साक्ष झाली की त्यानं दालनातून बाहेर पडायचं, मगच डेलमारनं वर यायचं. साहेबांनी बजावून बजावून सांगितलं, आणि स्वतःही यायला निघाले. अधिकाऱ्यांच्या संघटनेतर्फे ते विधेयकाच्या विरोधात बोलणार होते.

"विरोधात?" मी विचारलं.

"सूट सगळ्यांना मिळते विनेटाबाई, फक्त तुमच्या भावांना नाही. माझ्याकडे असेही भाऊ आहेत ज्यांना मी एका जिल्ह्यात ठेवणार नाही."

मी त्यांच्याशी दोन आठवडे बोलले नाही.

त्या मंगळवारी मी, आई आणि रॉस्को माझ्या गाडीत, आणि मागे आमच्या चर्चच्या पास्टरच्या ट्रकमध्ये डेलमार. पेट्रोल भरायला थांबलो तर रॉस्को दुकानात असेपर्यंत डेलमार ट्रकमध्ये खाली वाकून बसला होता. पास्टर मला म्हणाले, "बहिणाबाई, या वयात मला असं वाटतंय की मीच काहीतरी चोरलंय."

वाटेभर मी माझं भाषण घोकत होते. भाषण जबरदस्त होतं. आठवडाभर बसमधल्या पोरांवर करून बघितलं होतं, आणि मागच्या बाकावरची टवाळ पोरंसुद्धा गप्प झाली होती. सुरुवातच अशी होती की पहिल्या वाक्याला सिनेटरांनी खुर्च्या घट्ट धरल्या असत्या.

दालन खचाखच भरलेलं. समितीच्या अध्यक्ष सिनेटर ब्रॅकेट, बारीक चणीच्या, चष्मा नाकाच्या टोकावर. तिथली रीत अशी, की बोलणाऱ्याला दोन मिनिटं. टेबलावर दिवा, हिरवा असेपर्यंत बोला, पिवळा झाला की आवरा, लाल झाला की हातोडा. आणि दुसरी रीत, की कुणी कुणाशी थेट बोलायचं नाही. दोन सिनेटर मांडीला मांडी लावून बसलेले असले तरी जे म्हणायचं ते अध्यक्षांना म्हणायचं. मला तर ते आमच्या घरासारखंच वाटलं.

सकाळभर लोक बोलत होते. अध्यक्षबाई थकल्या होत्या, नावं बरीच उरली होती, म्हणून त्या दोन-दोन माणसांना एकत्र बोलवायला लागल्या. आणि त्यांनी चिठ्ठी वाचली.

"रॉस्को टॉलिव्हर आणि डेलमार टॉलिव्हर. आडनाव एक, विषय एक. दोघंही या."

रॉस्को अर्धा उठला, अर्धा बसला. हॅस्किन्स साहेब भिंतीपाशी ताठ झाले. आणि खाली तळघरात डेलमारनं टीव्हीवर आपलं नाव ऐकलं. त्याला आयुष्यात जेव्हा जेव्हा सरकारी माणसानं नावानं हाक मारली, तेव्हा तेव्हा उशीर करणं महागात पडलेलं होतं. तो जिने चढून धापा टाकत वर आला आणि सरळ साक्षीच्या टेबलाशी जाऊन बसला. रॉस्कोही पुढे येऊन त्याच टेबलाशी बसला, मध्ये एक रिकामी खुर्ची. दोघंही नाकासमोर बघत होते, मान जराही वळू नये म्हणून जबडे आवळून.

आईनं माझा दंड धरला. "दोघं आहेत का गं?"

"दोघं आहेत."

"मला पाठीच दिसतायत."

अध्यक्षबाई चष्म्यावरून बघत म्हणाल्या, "तुमचं एकमेकांशी पटत नाही का?"

"अध्यक्षबाई," रॉस्को म्हणाला, "पटतं की नाही हे कळायला बोलावं लागतं. आम्हाला मनाई आहे." आणि त्यानं ती अट सांगितली, एकच खोली, दोन पंगती, सगळं.

एक बो-टायवाले सिनेटर पुढे झुकले. "अध्यक्षबाई, या अटीला कारण आहे. अशी माणसं एकत्र आली की कट शिजतात."

"अध्यक्षबाई," डेलमार म्हणाला, "साहेबांना सांगा, आई समोर असते. ती आम्हाला कोपर टेबलावर टेकू देत नाही, कट कुठला शिजवू देते."

लोक हसले. अध्यक्षबाईंनी हातोडा हातात घेतला, पण आपटला नाही. त्या म्हणाल्या, "या दालनात कुणीच कुणाशी थेट बोलत नाही. सगळं माझ्यामार्फत. तेव्हा तुम्हाला एकमेकांना काही म्हणायचं असेल तर मला म्हणा."

मग डेलमारनं घसा खाकरला.

"अध्यक्षबाई, पलीकडच्या गृहस्थांना विचारा, ईस्टरच्या रविवारी पिवळा टॉवेल कुणी उचलला."

अध्यक्षबाईंचा चेहरा तसाच. "श्रीयुत टॉलिव्हर, पिवळ्या टॉवेलबद्दल विचारणा आहे."

"त्यांना सांगा," रॉस्को म्हणाला, "त्यांच्या सोंगट्या बघण्यासारख्या असत्या तर बघितल्या असत्या."

आता बो-टायवालेसुद्धा हसत होते. दिवा पिवळा झाला होता आणि कुणाचं तिकडे लक्ष नव्हतं.

"अध्यक्षबाई," रॉस्को म्हणाला, आणि त्याचा आवाज उतरला, "त्यांना विचारा, हिवाळ्यातला खोकला बरा झाला का. ताई सांगते बरा आहे, पण ताई काहीही सांगते."

"बरा आहे म्हणावं," डेलमार म्हणाला. मग थांबून, "आणि त्यांना सांगा, मी जेवायला बसतो तेव्हा खुर्ची अजून गरम असते."

"एवढंच?" अध्यक्षबाईंनी विचारलं.

"एवढंच."

कुणी हसलं नाही. रॉस्कोनं हाताच्या पाठीनं नाक पुसलं, पण मान वळवली नाही. मला त्या क्षणी दोघांचा इतका राग आला आणि इतकी माया आली, की जाऊन दोघांच्या टाळक्यात एकेक ठेवून द्यावीशी वाटली.

अध्यक्षबाईंनी हॅस्किन्स साहेबांना उभं केलं. "हे आत्ता इथे बसलेत, ही अट मोडली का?"

"हो, बाईसाहेब."

"मग तुम्ही काय करणार?"

साहेबांच्या कपाळावर घाम होता. "त्यांना या समितीनं नाव घेऊन बोलावलं. समितीसमोर आहेत तोवर मी हात लावू शकत नाही. ते टेबल सोडून उठले, की वेगवेगळ्या दारांनी बाहेर पडायचं."

"म्हणजे या टेबलाशी आहेत तोवर."

"तोवर."

अध्यक्षबाईंनी पुढची चिठ्ठी उचलली आणि वाचली. "ओझेला टॉलिव्हर."

मुलगे उठायला लागले तशी आई बसल्या जागेवरून म्हणाली, "बसा. कुणी उठायचं नाही." तो आवाज मी ओळखते. दोघंही खाली बसले.

मी तिला धरून पुढे नेलं. ती साक्षीच्या खुर्चीकडे गेलीच नाही. टेबलाला वळसा घालून पलीकडे, सिनेटर बसतात त्या उंच बाकांच्या पायथ्याशी जाऊन उभी राहिली, सगळ्या समितीकडे पाठ करून. दारावरचा शिपाई लगबगीनं पुढे आला, समितीकडे पाठ करणं चालत नाही म्हणून. अध्यक्षबाईंनी त्याला बोटानं थांबवलं. दिवा हिरवा झाला.

आई काही बोलली नाही. तिनं तोंड खिडकीकडे फिरवलं. बो-टायवाले खिडकीबाहेर काय आहे ते बघायला लागले. बाहेर काही नव्हतं, पार्किंग होतं. दालनात कुजबुज सुरू झाली, म्हातारीला काही झालं का म्हणून. मग माझे दोन भाऊ, ज्यांना कळलं होतं, ते हळूच सरकले. रॉस्को डावीकडून, डेलमार उजवीकडून, त्या मधल्या रिकाम्या खुर्चीकडे. दोघं त्या एका खुर्चीवर अर्धे अर्धे बसले, खांद्याला खांदा लावून, म्हणजे डोळ्याच्या एका कोपऱ्यात दोघं मावतील.

"रॉस्को, केस पांढरे झालेत तुझे," आई खिडकीकडे तोंड करून म्हणाली. "डेलमार, तू त्याच्यासारखा दिसायला लागलास. एकेकटे येता तेव्हा कळत नाही."

दिवा पिवळा झाला. मग लाल झाला. अध्यक्षबाई हातोडा धरून बसल्या होत्या आणि त्यांचा हात खाली येत नव्हता, पण नियम होता, बाकीचे सिनेटर घड्याळ बघत होते, आणि शेवटी त्या हळू आवाजात म्हणाल्या, "पुढचं नाव. विनेटा टॉलिव्हर."

मी आईच्या शेजारीच उभी होते. आठवडाभराचं भाषण ओठांवर होतं, पहिलं वाक्य तर जिभेच्या टोकावर. मी ते गिळलं.

"अध्यक्षबाई," मी म्हटलं, "माझी दोन मिनिटं आईला द्या."

दिवा परत हिरवा झाला. मागच्या रांगेत टोपी हातात धरलेला एक माणूस उठला. मी त्याला ओळखत नव्हते. "पुढचं नाव माझं आहे," तो म्हणाला. "माझीही त्यांना द्या." त्याच्या पलीकडची बाई नुसता हात वर करून म्हणाली, "माझीही." मग आमचे पास्टर, जे आयुष्यात कधी दोन मिनिटांत थांबलेले नाहीत, तेही. दिवा लाल होत होता आणि हिरवा होत होता. आई खिडकीकडे बघत होती.

मग नाव आलं हॅस्किन्स साहेबांचं, विधेयकाच्या विरोधात. ते भिंतीपासून निघाले, टेबलापर्यंत आले, हातातले कागद उलटसुलट केले. सगळं दालन त्यांच्याकडे बघत होतं. मी तर डोळ्यांनीच त्यांना खात होते.

"मी विरोधातच आहे," ते म्हणाले. "तशी नोंद करा." मग त्यांनी कागद घडी करून खिशात घातले. "माझी दोन मिनिटं त्यांना द्या."

ते तिथेच उभे राहिले, पुढे काय करायचं ते न सुचून, टेबलाच्या अगदी पुढ्यात.

"उपकार झाले साहेब," आई म्हणाली. "आता जरा बाजूला सरका. धाकटा दिसत नाहीये."